मखमलचं नवं गाणं

१

जानेवारीतल्या त्या सकाळी नवसाबाई गोठ्यात धार काढत होत्या, तेवढ्यात फाटकापाशी बोंब उठली की मखमल जिवंत आहे.

नवसाबाईंनी धार थांबवली नाही. दरवर्षी या दिवशी कोणीतरी असं काहीतरी घेऊन येतच असे. एका वर्षी मखमल दुबईत दिसला होता. एका वर्षी त्र्यंबकेश्वराला साधूंच्या घोळक्यात, छातीपर्यंत दाढी वाढवलेला. त्याला धड मिशी फुटली नव्हती, दाढी कुठून आणली, असं विचारून नवसाबाईंनी ती बातमी आणणाऱ्याला वाटेला लावलं होतं.

मखमल म्हणजे त्यांचा धाकटा, कुंदन. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंतीत वाढला, म्हणून त्याने स्वतःला हे नाव ठेवून घेतलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगायचा आणि आत बसून रॅप करायचा. नवसाबाईंच्या लेखी ती तालावर केलेली बडबड होती. पण त्या बडबडीने नाशिकपासून नागपूरपर्यंतची पोरं येडी झाली. मग ऐन भरात, तेविसाव्या वर्षी, मालेगावचा कार्यक्रम करून परत येताना पिंपळगाव बसवंतजवळ धुक्यात गाडी उभ्या टेम्पोवर गेली.

त्याला आज पाच वर्षं झाली. लोक विसरतील असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. तो गेला तेव्हा जी पोरं चड्डीत होती ती आता त्याचं नाव दंडावर गोंदून येतात, मोटारीच्या खोलीच्या भिंतीला हात लावून तो हात कपाळाला लावतात. नवसाबाई त्यांना तोंडभरून शिव्या घालतात. ती पोरं शिव्याही फोनमध्ये भरून घेतात.

घरात मात्र एक नियम होता, आणि तो नवसाबाईंनी तेराव्याच्या दिवशीच घातला होता. उंबऱ्याच्या आत कुंदनचा आवाज लावायचा नाही. जगात काय लागायचं ते लागो, या घरात नाही. तो नियम मोडायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

यंदाची बोंब मात्र वेगळी निघाली. विंचूरहून आलेला सनी पुढे झाला. हा सनी दरवर्षी अंगात मखमलसारखीच ढगळी बंडी घालून, टोपी उलटी करून सगळ्यांच्या आधी हजर. त्याने फोन पुढे धरला. पहाटे कोण्या बिननावाच्या खात्यावरून एक गाणं आलं होतं. कधी कोणी न ऐकलेलं, आणि आवाज मखमलचा.

नवसाबाई अंगणात आल्या. मोठा मुलगा राज तोंडात ब्रश धरून धावत आला. नवसाबाईंचे मालक खंडेराव वाफ्यातून चिखलाच्या पायांनी आले. शेजारची चिमणाबाईसुद्धा कुंपणावर लोंबकळली. राजची बायको सुवर्णा तेवढी आत चुलीपाशी चहा ढवळत राहिली.

सनीने गाणं लावलं. आधी नुसता ठेका, धप धप असा, जडशीळ. मग तो आवाज. स्टेजवरचा ताठ आवाज नव्हे तो, तर घरचा, तोंडात घास असल्यासारखा आळसावलेला. आणि शेवटी शेवटी या ओळी:

माय म्हणते, बडबड्या, तुझ्या तोंडाला नाय लगाम,
तिच्याच जिभेचं बियाणं मी, तिलाच पहिला सलाम.

नवसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. तोंडाला काही लागलं नव्हतं.

त्याच्या गाण्यांत काय नव्हतं? गोदावरी होती, गंगापूर रोडवरची गाडीवाली पोरं होती, कांद्याचा भाव होता, सीबीएस स्टँडवरची खारी होती. आई नव्हती. पेपरवाले दरवर्षी विचारायचे, तुमच्यावर एकही गाणं कसं नाही? त्या म्हणायच्या, माझ्यावर गाणं करायला मी काय गोदावरी हाय? लोक हसायचे. त्याही हसायच्या. आणि मग रात्रभर कूस बदलायच्या.

आता त्या दोन ओळी आल्या होत्या. पोराच्या असतील तर त्याने जाताना आईसाठी काहीतरी ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी त्याच्या गळ्यातून वदवल्या असतील, तर मेलेल्याच्या तोंडात हात घातला होता.

सनी म्हणाला, "माई, संध्याकाळी आठवणीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा. आवाज त्याचाच हाय ना?"

"सांगीन. आधी मला कळू दे."

असं म्हणून त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं. राज तेवढा खाली बघत होता.

२

राजला त्यांनी हौदापाशी गाठलं. चूळ भरायची पण सवड दिली नाही.

दोन-चार प्रश्नांतच तो उलगडला. मुंबईची एक कंपनी होती. गेलेल्या गायकांचे आवाज ती मशीनवर पुन्हा तयार करायची आणि नवी गाणी काढायची. दिवाळीत त्यांचा माणूस आला होता, तेव्हा नवसाबाईंनी त्याला बसायला पाटही दिला नव्हता. पण राजने मागून बोलणं चालू ठेवलं होतं. कंपनीने नमुना म्हणून एक गाणं करूनही पाठवलं होतं. गुढीपाडव्यापर्यंत आईला वळवू, असा त्याचा हिशेब.

"म्हंजे ह्ये तुझंच काम."

राजने आईची शपथ घेतली, मग तीच आई समोर उभी आहे हे लक्षात येऊन देवाची घेतली. म्हणाला, आजचं गाणं माझं नाही, आमचा नमुना वेगळा आहे. हवं तर ऐक.

नवसाबाई त्याला फाटकाबाहेर घेऊन गेल्या. नियम उंबऱ्याच्या आतला होता, पण या नमुन्याला त्यांना अंगणही द्यायचं नव्हतं. तिथे, बाभळीखाली, राजने नमुना लावला. आवाज कुंदनचाच, हुबेहूब. तो म्हणत होता, आई, तू माझी देवता, तुझ्या चरणी माझा स्वर्ग.

नवसाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता ते सुकलं.

"ह्यो कोणाचा पोरगा?" त्यांनी विचारलं. "कॅलेंडरावरचा का?"

राजने फोन खिशात टाकला. त्यालाही ते कळलं होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

पण एवढ्याने राज सुटला नव्हता. पहिला घाट फसला म्हणून कंपनीने दुसरा घातला असेल तर? त्यावर राज म्हणाला, कंपनीकडे बाजारात आलेली गाणी तेवढी आहेत, त्यातून स्टेजवरचा आवाज निघतो. घरचा आवाज, अर्धवट, हसण्या-खोकण्याचा, फक्त एका माणसाकडे आहे. मयुरेशकडे.

मयुरेशला बोलवायच्या आधी नवसाबाईंनी सनीला आजमावून पाहिलं. मखमलच्या आवाजात बोलून दाखव म्हणाल्या. सनीने छाती फुगवून असा काही आवाज काढला की कुंपणावरची चिमणाबाई सटकली. नवसाबाईंनी सांगितलं, आता त्याच आवाजात भूक लागली म्हण. सनीने तेही स्टेजवरून म्हटल्यासारखं म्हटलं. त्याने मखमलला लांबूनच पाहिलं होतं. भूक लागलेला कुंदन त्याला ठाऊकच नव्हता. नवसाबाईंनी त्याला पाठीत धपाटा घातला आणि सतरंज्या अंथरायला पिटाळलं.

मयुरेशला फोन गेला. तो म्हणाला, निघालोच आहे. आणि फोनवरच रडायला लागला.

३

मयुरेश पंचवटीतला. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, घरात सोवळं-ओवळं, आणि हा पोरगा शाळेपासून मळ्यात पडीक. कुंदनच्या प्रत्येक गाण्याचा ठेका त्याने लॅपटॉपवर बांधलेला. कुंदन गेल्यावर त्याने ते सगळं सोडलं आणि गंगापूर रोडवर एका ऑफिसात नोकरी धरली.

स्कूटर लावून तो आला तो तसाच ओट्यावर बसला. डोळे सुजलेले. नवसाबाईंनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, त्याचे सगळे आवाज तुझ्याकडे हायेत, तूच केलंस का?

"केलं असतं तर बरं झालं असतं, मावशी," तो म्हणाला. "निदान मी त्यात असतो. हा आवाज मी घडवलेला नाही, आणि ठेकाही माझा नाही. त्याने माझ्याशिवाय गाणं केलं."

नवसाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चोरीचं दुःख निराळं दिसतं आणि रुसव्याचं निराळं. हा पोरगा मेलेल्या मित्रावर रुसला होता. तालुक्यात कोणाला सर्दी झाली तरी कुंदन आधी मयुरेशला कळवायचा, आणि हे गाणं मात्र त्याने लपवलं होतं. चोराच्या मनाला असलं काही लागत नाही.

मयुरेश पुढे जे बोलला ते त्यांनी कान देऊन ऐकलं. त्याचं म्हणणं, हा ठेका वाद्याचा नाहीच. कुठल्याशा पोकळ वस्तूवर काहीतरी आपटतंय, आणि तेही एका जागी बसून नव्हे. तो पहाटेपासून डोकं खाजवतोय, पण ती वस्तू काय ते त्याला उमगत नव्हतं.

"नुसता ठेका लाव. पोराला गप कर."

मयुरेशने फोनवर काहीतरी खालीवर केलं. आवाज विरला, ठेका उरला. धप, धप, मग खर्रर्र. पुन्हा धप, धप, खर्रर्र.

नवसाबाई उठल्या. काही न बोलता शेडकडे गेल्या, फुलांचा एक रिकामा प्लास्टिकचा क्रेट उचलला, ट्रॉलीपाशी आल्या आणि क्रेट उलटा करून ट्रॉलीच्या पत्र्यावर दोनदा आपटला. मग ओढून घेतला.

धप, धप, खर्रर्र.

ओट्यावर मयुरेश उभा राहिला. फाटकातली पोरं कुंपणाशी गोळा झाली. खंडेराव मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघायला लागले.

"कुठं झालं आन् कधी झालं, त्ये मला कळलं," नवसाबाई म्हणाल्या. "कोणी बाहेर काढलं, तेवढंच राह्यलं."

४

मग त्यांनी ते सगळ्यांना उलगडून सांगितलं. क्रेट हातातच होता.

मळ्यातून क्रेट भरून जातात आणि फुलबाजारातून रिकामे येतात. भरलेला क्रेट घरी ट्रॉलीत उपडा करायची वेळ कधी येत नाही. पाकळ्या चिकटून राहतात म्हणून दोनदा आपटायची खोड एकाच माणसाची, ती खंडेरावांची. आणि असे भरलेले क्रेट त्यांनी उभ्या जन्मात एकदाच उपडे केले. लॉकडाऊन लागला त्या पाडव्याला.

त्या दिवसाचं बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. पाडव्यासाठी राखलेला झेंडू ऐन भरात. आदल्या दिवशी तोडून ठेवलेला. रात्री टीव्हीवर सांगितलं की उद्यापासून सगळं बंद, आणि सकाळी नाक्यावर पोलीस. बाजार नाही, गिऱ्हाईक नाही. इतर वर्षी पाडव्याला घरातले सगळे पहाटेपासून फुलं विकायला बसलेले, गुढी उभी राहायची ती उशिरा, दोन फुलांवर. त्या वर्षी फुलंच फुलं. गुढीला माळा, दाराला माळा, म्हशीच्या शिंगांना, ट्रॅक्टरच्या नाकाडाला. कुंदनने मोटारीच्या खोलीलासुद्धा हार घातला आणि तिच्या पाया पडला. सगळे हसले. हसून झालं, आणि उरलेले क्रेट ट्रॉलीत ओतून शेणखताच्या खड्ड्यात न्यायला घेतले. तेव्हा कोणी हसलं नाही.

"मशीनला ह्ये म्हाईत नाय," त्या राजकडे बघून म्हणाल्या. "तुझ्या कंपनीला तर नायच नाय."

म्हणजे गाणं खरं, कुंदनचं, आणि त्या दिवसाचं. त्या दिवशी मळ्यात परकं माणूस शिरलं नव्हतं. मयुरेश पंचवटीत अडकलेला, सनी तिकडे विंचूरला. कुंदनचा स्वतःचा फोन अपघातात चुरा झाला, आणि त्यावर गाणं असतं तर मयुरेशला त्याच संध्याकाळी गेलं असतं. तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या फोनवर होतं, घरातल्याच.

खंडेराव क्रेट आपटत होते. राज ट्रॅक्टरवर बसून ट्रॉली पुढे घेत होता. नवसाबाई भरलेले क्रेट उचलून देत होत्या आणि सरकारला शिव्या देत होत्या. कुंदन कामचुकार, विहिरीच्या कट्ट्यावर काहीतरी पुटपुटत बसलेला.

"मयुऱ्या," त्या म्हणाल्या, "आपटण्याच्या मधी काय वाजतं रे? बारीक?"

मयुरेशने फोन कानाला लावला. म्हणाला, काहीतरी किणकिणतंय. फोनच्या अगदी जवळ. घुंगरू असावेत.

"घुंगरू नाय."

एवढं म्हणून नवसाबाईंनी क्रेट खाली ठेवला. त्या पाडव्याला त्यांच्या घरात जिच्या हातातून लग्नाचा हिरवा चुडा अजून उतरला नव्हता, अशी एकच बाई होती. आणि त्याच बाईला आज सकाळी, अख्खी आळी फोनवर तुटून पडलेली असताना, बाहेर येऊन ऐकावंसं वाटलं नव्हतं. ज्याने ऐकलेलं नसतं तो धावत येतो. ती चहा ढवळत होती.

राज काहीतरी बोलायला गेला. नवसाबाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि एकट्या आत गेल्या.

५

सुवर्णा चुलीपाशी उभी होती. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं. फोन तिच्या हातातच होता, पदराखाली.

नवसाबाई पाटावर बसल्या. ओरडल्या नाहीत, त्यामुळे सुवर्णा जास्त घाबरली. मग सांगायला लागली. त्या दिवशी भाऊजींनी हाक मारून फोन धरायला लावला होता. मामंजींच्या क्रेटवर ते म्हणत गेले, एका दमात, कुठे अडखळले नाहीत. नंतर म्हणाले, आत्ता आईला ऐकवलं तर म्हणेल, काम टाळायला गाणं केलं. माझं नाव होऊ दे, तिला खुर्चीवर पुढे बसवून स्टेजवरून ऐकवीन. तोवर वहिनी, तुमच्याजवळ ठेवा, मयुऱ्याला पण सांगू नका, त्याच्या पोटात काही राहत नाही. मग ते गेले.

"आन् मला पाच वर्सं सांगितलं नाय."

"तुम्हीच म्हणाला व्हता ना आत्याबाई, या घरात त्यांचा आवाज लावायचा नाय," सुवर्णा म्हणाली. "मी कधी लावू? कुठं लावू?"

नवसाबाई पदराचं टोक चुरगाळत बसल्या.

"मंग आजच का?"

सुवर्णाने सांगितलं, परवा राजच्या फोनवर कंपनीचा तो नमुना तिने ऐकला. पाडव्यापर्यंत हे होणार असं तो म्हणत होता. "लोकांनी ते देवता-बिवता ऐकलं असतं आन् म्हटलं असतं, मखमल आईविषयी असं बोलायचा. ते असं नव्हते बोलत. मला सोसवलं नाय. म्हटलं, त्यांचं खरं आधी बाहेर पडू दे. तुमच्यापुढं ठेवायला पायजे व्हतं. हिंमत झाली नाय."

बाहेर माईकवर कोणीतरी एक-दोन-तीन करत होतं. ऊन कलायला लागलं होतं.

"सकाळचा चहा करपला व्हता," नवसाबाई म्हणाल्या. "तेव्हाच मला कळायला पायजे व्हतं. तू कधी चहा करपवत नाय."

मग त्यांनी हात पुढे केला. सुवर्णाने फोन दिला, आणि हळूच म्हणाली की लोकांनी ऐकलं ते सगळं नाही. शेवटचं तिने कापलं होतं.

"का?"

"त्यात तुम्ही हायेत."

नवसाबाईंनी फोन परत तिच्या हातात ठेवला, तिचं मनगट धरलं आणि तिला तशीच बाहेर घेऊन निघाल्या. मोटारीच्या खोलीपुढे तीनेकशे पोरं-पोरी बसली होती. सनीने माईक दिला. नवसाबाईंनी तो लाटण्यासारखा धरला.

"त्यो जिवंत नाय," त्या म्हणाल्या.

एक कळ उठल्यासारखी गर्दी हलली.

"मी त्याचं तोंड पाह्यलंय. तुम्ही नाय पाह्यलं, म्हणून तुम्हाला आशा करता येती. करू नका, त्रास व्हतो. पण गाणं त्याचं हाय. लॉकडाऊनच्या पाडव्याचं. आमच्या हिच्या फोनात व्हतं, हिनं जपलं. ठेका ह्या म्हाताऱ्याचा हाय. आन् राज, तुझ्या मशीनवाल्याला सांग, आधी माझ्या हाताखाली चार दिस फुलं तोड, शिव्या खा, मंग माझ्या पोरासारखा बोल."

राज मागे उभा होता. त्याने मान हलवली. खंडेराव कधी नव्हे ते पुढे येऊन बसले होते, आणि पोरं त्यांच्याकडे वळून बघत होती.

मयुरेशने विचारलं, कर्ण्यावर लावायच्या आधी आवाज जरा साफ करून देऊ का, खरखर फार आहे. नवसाबाई म्हणाल्या, एका आपटण्याला हात लावलास तर बघ.

सुवर्णाने फोन माईकपाशी धरला.

गाणं झालं. त्या दोन ओळी मळ्यावरून लांबपर्यंत गेल्या. सकाळी जिथे ते संपलं होतं तिथे आता संपलं नाही. क्रेट आपटत राहिले, बांगड्या किणकिणल्या, आणि मग लांबून एका बाईचा आवाज आला, असा खणखणीत की पुढच्या रांगेतली पोरगी दचकली.

ए बडबड्या, तिथं काय बसलास? भाकर गार होती!

पोरं खदाखदा हसली. नवसाबाईंनी स्वतःचा तो आवाज ऐकला. किती जोर होता त्यात. ज्याला हाक मारली तो येणारच, याची किती खात्री.

मग फोनच्या अगदी जवळून, गाण्यातला नव्हे, नुसता, हसत:

आलो गं आई. आलो.

तिथे संपलं. सनीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मयुरेशने तोंड फिरवलं. सुवर्णाचा फोन धरलेला हात तसाच वर राहिला होता, तो नवसाबाईंनी धरून खाली घेतला.

पुढच्या रांगेतल्या त्या पोरीने, जी तो गेला तेव्हा तिसरीत-चौथीत असेल, घाबरत घाबरत विचारलं, "मग आला का?"

"आला की," नवसाबाई म्हणाल्या. "पोटभर जेवला. आन् ताट तिथंच टाकून परत बडबडत गेला."